आधी बोटं आखडली

बबन, तू गेल्यानंतर नवव्या दिवशी मी एक कागद लिहून दिला. तुझ्या लेकानं, महेशनं, हॉस्पिटलविरुद्ध तक्रार केली. तिला जोडायला साक्षीदाराचा जबाब हवा होता, आणि त्या दुपारी तुझ्या पलंगापाशी घरचा म्हणावा असा मी एकटाच होतो. जबाब सुवाच्य आहे, खाली माझी सही आहे. त्यातल्या दोन वाक्यांचा क्रम मी उलटा लिहिला. त्या उलट्या क्रमापायी कामथडीची सुवर्णा नावाची नर्स चौकशी संपेपर्यंत घरी बसली आहे.

तू असतास तर पेन माझ्या हातातून काढून घेतलं असतंस. "डागदर, लई शहाणा झालास व्हय?" एवढंच म्हणाला असतास.

डागदर हे नाव तूच पाडलंस. मी आरोग्य केंद्रातला साधा आरोग्य सेवक. वेल्ह्याच्या वाड्यावस्त्या पायी फिरायच्या, हिवतापासाठी काचपट्टीवर रक्त घ्यायचं, विहिरीत औषध टाकायचं. तू चालवायचास त्या एसटीत चढलो की तू मागं वळून साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणायचास, "सरका रं, डागदर आलाय. जागा दिली न्हाई तर सुई टोचंल." लोक हसायचे आणि खरंच सरकायचे. चेष्टेतलं नाव हळूहळू लोकांनी खरं धरलं. तुझ्या गावात, उत्रोलीत, कुणाला ताप आला तरी आधी मला विचारायचे. तुझ्या घरात तर माझा शब्द शेवटचा होता. आता वाटतं, ते नाव तू पाडलं नसतंस तर बरं झालं असतं. हा दोष मी तुला देतो आहे हे मला कळतं. असू दे. बाकीचे सगळे माझेच आहेत.

ज्येष्ठात तुझे डोळे पिवळे झाले. तू भोरला माझ्याकडं आलास, दारातच उभा राहून खालची पापणी ओढून दाखवलीस. मी तुला समोरच्या सरकारी दवाखान्यात न्यायला हवं होतं. पंधरा मिनिटांचं काम होतं. मी म्हणालो, "रविवारी उपाशीपोटी ये. नसरापूरवरून वेल्ह्याची गाडी धरू."

वेल्ह्याच्या खोऱ्यातलं ते घर तुला माहीत नव्हतं, मला होतं. रविवारी आणि बुधवारी तिथली म्हातारी काविळीवर मुळी देते, दुधात उगाळून. काही घेत नाही, नारळ ठेवायचा. एकवीस दिवस आंबट आणि तेलकट वर्ज्य. आणि औषध घेतल्याचं कुणापाशी बोलायचं नाही. बोललं की उतरलं.

गाडीत तुला कळलं तेव्हा तू इतका हसलास की कंडक्टर मागं वळून बघायला लागला.

"आरं, तीस वरसं लोकान्ला सांगत फिरलास, गावठी औषध घेऊ नगा, घेऊ नगा. आन् मला मुळी चाटवायला निघालास?"

"गप बस. मी स्वतः घेतलीय."

"कवा?"

"नोकरीत असताना. कुणाला ठावं न्हाई."

तू हसायचा थांबलास. मग नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत दर वळणाला ड्रायव्हरच्या चुका काढत बसलास, आणि उतरताना म्हणालास, "न्हाई सांगत कुणाला. म्हातारपणी तुझी इज्जत म्या कशाला घालवू?"

तीस वर्षांपूर्वी मला कावीळ झाली होती. साध्या काविळी पुष्कळदा आपोआप बऱ्या होतात, हे मी ग्रामसभांतून सांगितलेलं आहे. तरीही चोरून ती मुळी घेतली, बरा झालो, आणि मनाच्या एका कोपऱ्यात श्रेय मुळीलाच देऊन ठेवलं. तुझेही डोळे पंधरा दिवसांत निवळले. मी खूश होतो. तू एकवीस दिवस लिंबू शिवलं नाहीस, जो तू लिंबाशिवाय मटकीची उसळ पुढं ओढत नव्हतास.

आषाढात खाचरात लावणी चालू असताना पत्र्याचा तुकडा तुझ्या टाचेत घुसला. चिखलातली जखम. तू चिंधी बांधून काम केलंस. चार दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत सुजला, ताप चढला, लघवी थांबली. महेश कंपनीतून धावत आला आणि तुला पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. सगळ्यांनी मला पुढं केलं. "काका आरोग्य खात्यातले हायेत, त्येच बोलतील." वहिनी, महेश, तुझे भाऊ, सगळे बाहेरच्या बाकावर बसले, आणि तुझ्या वतीनं उत्तरं द्यायला मी आत गेलो.

आरोग्य खात्यात आयुष्य काढलेला माणूस दवाखान्यावर जितका संशय घेतो तितका दुसरं कुणी घेत नसेल. मी दारात पाऊल टाकल्यापासून घेत होतो. सहीच्या कागदावर बारीक अक्षर का? तो पोरगेला डॉक्टर फोनवर काय बोलतो? समोरच्या खाटेवरचा माणूस काल होता, आज कुठं गेला? तुझ्या पलंगाशेजारी माणसाच्या उंचीचं एक मशीन आणून उभं केलं. तुझं रक्त मानेतल्या नळीतून त्यात जायचं, गाळून परत यायचं, चोवीस तास. रक्तदाब खाली होता म्हणून नेहमीचं चार तासांचं डायलिसिस तुला सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, चार तासांत होतं ते काम चोवीस तास कशाला ताणतात?

त्या मशीनवर सुवर्णा होती. माझं गाव ऐकल्यावर म्हणाली, "मी कामथडीची. माझे वडील तुम्हाला ओळखतात, आजोबा. लहानपणी तुम्ही आमच्या शाळेत डोस पाजायला आला होता." मी हो म्हणालो, पण तिच्याकडं नीट पाहिलं नाही. ती हातातल्या यादीवरून एकेक प्रश्न विचारत होती. तू तेव्हा शुद्धीत होतास.

"बबनकाका, दारू?"

"शिमग्याला वाईच."

"आधी कधी कावीळ? लिव्हरचा काही त्रास? झाडपाल्याचं औषध घेतलं होतं का इतक्यात?"

बबन, तू तिला उत्तर दिलं नाहीस. मान माझ्याकडं वळवलीस आणि म्हणालास, "डागदरला इचारा. त्येलाच समदं ठावं."

मी म्हणालो, "नाही. तसलं काही नाही."

तिनं लिहून घेतलं. यादीतला तो "नाही" माझा आहे.

पुढचे दोन आठवडे मी स्वतःला समजावत होतो की नियम होता म्हणून गप्प बसलो. बोललं की उतरतं, आणि तुला तर अजून बरं व्हायचं होतं. हे खोटं आहे. मला लाज वाटली. शाळेत डोस पाजणारा हा माणूस दोस्ताला मुळी चाटवायला घेऊन गेला, हे त्या पोरीला कळलं असतं, तिच्या बापाला कळलं असतं, नसरापूरच्या स्टँडवर कळलं असतं. नियम फक्त अंगावर पांघरायला होता.

बोलायची दुसरी संधीही मला मिळाली. मशीनला लावलेल्या एका पिशवीकडं मी बोट दाखवलं. "ही कशाची?"

"सायट्रेट," ती म्हणाली. "लिंबात जे आंबट असतं ना, त्याचंच मीठ समजा. रक्त मशीनमध्ये गेलं की गोठायला बघतं. रक्तातल्या कॅल्शियमशिवाय ते गोठू शकत नाही, आणि सायट्रेट ते कॅल्शियम धरून ठेवतं. म्हणून अंगात ह्या दुसऱ्या नळीनं कॅल्शियम परत द्यायचं. उरलेलं सायट्रेट लिव्हर जिरवतं. यांना रक्तस्रावाची भीती आहे, म्हणून रक्त पातळ करायचं दुसरं औषध देता येत नाही."

तिनं एवढं नीट सांगितलं आणि माझ्या कानात एकच शब्द राहिला. आंबट.

"त्याला आंबट चालत नाही," मी म्हणालो.

ती थांबली. "का?"

एकवीस दिवस कधीच उलटून गेले होते, तरी तोंडातून आलं. दार उघडं होतं, बबन. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "असंच. पित्त होतं."

ती हसली. "हे पोटात जात नाही, आजोबा." आणि आपल्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू अस्वस्थ होतास, म्हणून तिनंच मला थोडा वेळ तुझ्याजवळ बसू दिलं. तू म्हणालास, "ओठांवर मुंग्या चालल्यात." मी ओला कापूस फिरवला. "तोंडाभवती लई मुंग्या रं." मी म्हणालो, अशक्तपणा आहे. सुवर्णा पाच पावलांवर शेजारच्या पेशंटपाशी होती. मी हाक मारली नाही. ह्यांना काही सांगितलं की आणखी एक पिशवी लावतात, असं मनात होतं. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. दहा मिनिटं असतील, अर्धा तासही असेल.

मग तुझा उजवा हात चादरीवर उठला. मनगट खाली वाकलेलं, बोटं सरळ ताणून एकमेकांना चिकटलेली, अंगठा आत. मुठीतलं रोप चिमटीत धरून चिखलात खोचताना हात होतो, अगदी तसा. मी हसलो. मला वाटलं तापात तू खाचरात उतरला आहेस. म्हणालो, "बास कर आता, झाली लावणी." तू माझ्याकडं पाहत होतास. बोटं उघडत नव्हती. तुला ती उघडायची होती, हे तुझ्या डोळ्यांत दिसत होतं आणि मी अजून हसत होतो.

सुवर्णानं शेजारून पाहिलं. ती पळत आली. तुझा हात धरला, मॉनिटरकडं बघितलं, डॉक्टरांना मोठ्यानं हाक मारली, आणि मग मशीनची बटणं दाबली. मला बाहेर काढलं. काचेतून दिसत होतं, तुझ्याभोवती पाचसहा माणसं. पुढं कळलं की रक्तदाब एकदम पडला होता, नाडी चुकत होती. त्यांनी सायट्रेट बंद केलं, कॅल्शियम वाढवलं. तासाभरानं तुझी बोटं उघडली.

बाहेर महेशनं माझे खांदे धरले. "काय झालं काका?"

मी म्हणालो, "त्या पोरीनं मशीनला हात लावला आन् बबनची बोटं आखडली."

त्या क्षणी मला तसंच दिसलं होतं का? मी खूप आठवून पाहिलं. घाबरलेला होतो, हे खरं. पण दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा घाबरलेला नव्हतो. तिसऱ्यांदा वहिनींना सांगितलं तेव्हा मला बरं वाटत होतं, कारण सगळे तिच्याकडं बघत होते, माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

तू आणखी दोन दिवस होतास. सायट्रेटशिवाय मशीनच्या फिल्टरात दोनदा रक्त गोठलं, दोनदा तो बदलला. पायातले जंतू रक्तात पसरले होते. त्या दुपारनंतर तू शुद्धीवर आला नाहीस.

तुझ्या दहाव्यापर्यंत माझं वाक्य उत्रोलीत वाढलं होतं. चुकीची पिशवी लावली. कॅल्शियमऐवजी भलतंच सोडलं. मोबाईल बघत बसली होती. यातलं एकही मी बोललो नव्हतो, पण कुणाला खोडलंही नव्हतं. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "कामथडीचीच ना ती? कुणाची?" मी बापाचं नाव सांगितलं. का सांगितलं, बबन? तुझ्या दारात, तुझ्या दुखवट्याला बसून.

तो बाप मला नसरापूरच्या स्टँडवर भेटला. शेअर रिक्षांच्या गर्दीतून वाट काढत आला, नमस्कार केला. "काका, तुमी तितं व्हता म्हनं. पोरगी जेवत न्हाई. म्हनती, माजं काय चुकलं त्येच मला कळंना. तुमी सांगा की, तिचं काय चुकलं?" भोरची गाडी लागली होती. मी म्हणालो, "चौकशीत कळेल," आणि चढलो. खिडकीतून तो दिसत होता. बस हलली तरी त्यानं जोडलेले हात खाली केले नव्हते.

त्यानंतर मी एकटाच पुण्याला गेलो. महेशला सांगितलं नाही. खरं सांगतो, कबुली द्यायला गेलो नव्हतो. डॉक्टरची काही चूक सापडते का ते बघायला गेलो होतो. सापडली असती तर मी सुटलो असतो. त्या पोरगेल्या डॉक्टरनं मला बसवलं आणि कागदावर दोन रेघा काढल्या, एक चढती, एक उतरती.

"रक्तातलं एकूण कॅल्शियम वाढत होतं आणि शरीराला वापरता येणारं कमी होत होतं. म्हणजे सायट्रेट जिरत नव्हतं, साठत होतं. तोंडाला मुंग्या, हाताचा तो आकार, सगळं त्याचंच. लिव्हर जिरवू शकलं नाही. तपासणीत लिव्हरचे आकडे थोडे वाढलेले होते, पण इतक्या जंतुसंसर्गात ते वाढतात. आधीचा काही त्रास नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं. सिस्टरनी हात ओळखला म्हणून लगेच कळलं. पुढच्या तपासणीपर्यंत थांबलो असतो तर त्याच दुपारी गेले असते."

मग तुझ्या काविळीचं आणि मुळीचं सांगितलं, माझ्या मुळीचंही. तीस वर्षांत तुझ्याखेरीज कुणाला न सांगितलेलं, त्या मुलाला सांगितलं. त्याचं पेन टेबलावर तसंच पडून होतं.

"कळलं असतं तर वाचला असता?"

"असं मी म्हणणार नाही. पायाचा संसर्ग फार पुढं गेला होता. पण सायट्रेट कमी दिलं असतं, किंवा दिलंच नसतं. रक्त अधिक वेळा तपासलं असतं." मग म्हणाला, "आम्हीही एकदा परत विचारायला हवं होतं."

त्यानं माझ्यावर ओरडायला हवं होतं. मी घरी येईपर्यंत त्याचीच वाट बघत होतो.

परवा मी तुझ्या घरी गेलो. पडवीत वहिनी तांदूळ निवडत होत्या, महेश तक्रारीची फाईल लावत होता. मी नवा जबाब लिहून नेला होता, तो वाचून दाखवला. मुळी, नसरापूर, वेल्ह्याची गाडी, माझा "नाही", सगळं. आणि शेवटची ओळ: आधी बबनची बोटं आखडली, मग सिस्टरनी मशीनला हात लावला.

महेशनं फाईलवरून मान वर केली. "अण्णांना तुमी नेलं?"

"मी नेलं."

"आन् आमी हितं महिनाभर त्या पोरीला शिव्या घालतोय."

वहिनींचा हात सुपात थांबला नव्हता. त्या म्हणाल्या, "ह्यांनी मला सांगितलं, डागदरनं सरकारी गोळ्या दिल्यात. म्या म्हनलं, गोळ्यांना आंबटाचं पथ्य कशापायी? तर नुसतं हसलं. तवाच मला संशय आला व्हता, भावजी. पर म्हनलं, तुमी हाय. तुमी सांगाल डॉक्टरला."

म्हणजे तू घरीसुद्धा माझी इज्जत राखलीस. बबन, हा उपकार मला पचत नाही. आणि माझा जुना स्वभाव जात नाही, म्हणून आता तुझ्यावरही संशय घेतो. "त्येलाच समदं ठावं" असं तू का म्हणालास? मला वाचवायला चेंडू माझ्याकडं टोलवलास, की सांग बाबा आता, म्हणून मोकळीक दिलीस? तुझ्या चेहऱ्यावर हसू होतं की नव्हतं, तेही मला आठवत नाही. मी तेव्हा यादीकडं बघत होतो. हा वाद आपण रंगवून घातला असता, चहा दोनदा झाला असता. तू मुद्दाम उलट बोलला असतास.

वहिनींनी चहा विचारला नाही. मी उठलो. महेश फाईलमध्ये मान घालून बसला होता.

आज सकाळी तो भोरला माझ्या दारात मोटरसायकल घेऊन उभा होता. "बसा," म्हणाला. काका म्हणाला नाही. कामथडीपाशी गाडी हळू केली, मला वाटलं वळतो की काय, पण नाही वळला. आधी चौकशी, मग तिच्या दारात, म्हणून वळलो न्हाई, एवढं तो परतताना बोलला.

हॉस्पिटलच्या कचेरीत चौकशीच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी माझे दोन्ही जबाब शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर सरकवला आणि महेशला विचारलं, "यातला खरा कुठला? त्या दुपारी नक्की काय झालं?"

महेश खुर्चीत मागं सरला. माझ्याकडं मान वळवली. त्या दिवशी तू आत काय बोललास हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. तो बाहेरच्या बाकावर होता.

"यांना विचारा," तो म्हणाला. "यांनाच सगळं ठाऊक आहे."

बाईंनी पेन उघडलं. मला कावीळ झाली त्या दिवसापासून मी सांगायला सुरुवात केली.